रुमालाखालचा भाव

धुळा आमच्या फुटबॉल क्लबात आला तो मेंढरांच्या मागून. जतच्या बाजूचे धनगर दिवाळी झाली की कृष्णाकाठी उतरत, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवत आणि खताच्या बदल्यात जोंधळे घेऊन उन्हाळ्याआधी परत जात. १९४३ च्या हिवाळ्यात असाच एक कळप सांगलीला नदीकाठच्या आमच्या मैदानाशेजारी उतरला होता. आमचा गोली अर्जुना टांगेवाला याने मारलेला चेंडू त्या कळपात जाऊन पडला. कळपामागे सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा होता. त्याने काठी खाली ठेवली, अनवाणी पायाने चेंडू उचलला आणि सरळ अर्जुनाच्या हातात टाकला. अंतर साठ-सत्तर पावलांचं असेल. अर्जुनाला जागचं हलावं लागलं नाही.

"आरं गड्या, पुन्यांदा टाक की," अर्जुना म्हणाला आणि चेंडू मुद्दाम लांब फेकला. पोराने पुन्हा टाकला. पुन्हा हातात.

तो धुळा. मामाबरोबर आला होता. बाप नव्हता, आई बयाबाई गावाकडे होती. मामा परत गेला तेव्हा धुळा सांगलीतच राहिला, कारण आमच्या क्लबाचे अध्यक्ष भाऊसो यांनी त्याला आपल्या हळदीच्या अडतीवर हमाल म्हणून ठेवून घेतलं. दिवसा पोती वाहायची, पाच वाजता मैदानावर यायचं. त्याचे पाय घोट्यापर्यंत कायम पिवळे असत आणि पायांना बांधलेल्या पट्ट्याही पिवळ्या.

मी तेव्हा नगरपालिकेत कारकून होतो. खेळता मला कधीच आलं नाही. अक्षर बरं होतं म्हणून मला क्लबाचा चिटणीस केलेलं. सभांना मी हजर असे, लिहून घेई, बोलत नसे. क्लबाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यातल्या काहींची नातवंडं गावात आहेत.

दोन वर्षांत धुळा सेंटर हाफला खेळू लागला. ही जागा मैदानाच्या मधोमध. पुढचे पाच आणि मागचे तीन या दोघांना जोडणारा तो माणूस. धुळा फार पळत नसे. चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो मान वर करून एकदा सगळीकडे बघून घेई, आणि चेंडू आला की त्याला तिथे ठेवून घेतच नसे. चेंडू गेलेला असे, जिथे आपला माणूस दोन पावलांनंतर पोहोचणार होता तिथे.

यावरून हळदबाजाराच्या तोंडाशी असलेल्या हरीच्या हॉटेलात रोज संध्याकाळी वाद चाले. वादात मुख्य दोघे. एक अर्जुना आणि दुसरे विष्णुपंत. विष्णुपंत शाळेत इंग्रजी शिकवत, खेळाचे नियम त्यांना तोंडपाठ होते, आणि पुण्याला शिकत असताना त्यांनी गोऱ्या पलटणींचे सामने पाहिले होते.

"पोरगा बरा आहे, मी नाही म्हणत नाही," विष्णुपंत म्हणत. "पण त्याला डावा पाय आहे कुठे? चेंडू डावीकडे आला की आधी वळतो, मग मारतो. तेवढ्यात पलटणीतला हाफ त्याला चहा पिऊन परत गाठेल."

"पलटण गेली आता मास्तर, बोटीत बसाय लागली," अर्जुना म्हणे. "आन् डावा पाय कशाला पायजे? उजव्यानं काम हुतंय न्हवं? तुमी उजव्या हातानंच जेवता की."

"हवेतला चेंडूही घेता येत नाही. डोकं लावत नाही."

"डोकंच लावतोय त्यो. मेंढरं राखल्याली हायती त्येनं. कुठलं मेंढरू कुनीकडं फुटनार हे त्येला मेंढराच्या आदी कळतंय. तुमच्या वर्गात घाला, कुठलं पोरगं पळून जानार सांगंल."

हॉटेलभर हसू होई. धुळा बहुतेक वेळा तिथेच बाकाच्या टोकाला बसलेला असे, बशीत चहा ओतून पीत. त्याच्याबद्दल हे सगळं बोलणं त्याच्यासमोर चाले, आणि तोही ते असं ऐके की जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं आहे. एकदा मात्र त्याने मला हळूच विचारलं, "अनंतराव, डावा पाय लय लागतोय का वो, मुंबईच्या खेळात?" मी म्हणालो, मला खेळातलं कळत नाही. ते खरं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून तो अडतीच्या मागच्या भिंतीवर डाव्या पायाने चिंध्यांचा चेंडू मारताना दिसू लागला.

१९४६ च्या डिसेंबरात आम्ही साताऱ्याला एका ढालीच्या सामन्यांना गेलो. सर्व्हिस मोटारीने, इस्लामपूर, कराड करत, अकरा खेळाडू आणि आम्ही चौघे. अंतिम सामना हरलो, दोन-एकने. पण आमचा तो एक गोल धुळाने अर्ध्या मैदानावरून दिलेल्या चेंडूवर झाला, आणि सामना संपल्यावर तपकिरी कोटातला एक माणूस भाऊसोंना शोधत आला. त्याचं नाव डिमेलो. मुंबईच्या एका गिरणीच्या फुटबॉल संघाचं सगळं तो बघत असे. साताऱ्याचा एक फॉरवर्ड बघायला आला होता, आता त्याला फॉरवर्ड नको होता, धुळा हवा होता.

त्याने सांगितलं ते सरळ होतं. धुळाला गिरणीत कायमची नोकरी, पंचेचाळीस रुपये पगार, चाळीत एक खोली. काम हलकं देऊ, संध्याकाळी खेळायचं. फक्त तिथल्या असोसिएशनचा नियम असा होता की जुन्या क्लबाने सोडल्याचं पत्र दिल्याशिवाय खेळाडू घेता येत नाही. त्या पत्राच्या बदल्यात क्लबालाही काहीतरी देण्याची त्याची तयारी होती. आठ दिवसांनी तो सांगलीला येणार होता.

परतताना मोटारीत धुळा माझ्या शेजारी बसला होता. कराड मागे पडल्यावर तो म्हणाला, "खोली एकट्याला की घरच्यास्नी बी?"

"खोली आहे म्हटल्यावर कुणालाही ठेवता येईल."

"मंग आईला न्हेतो," तो म्हणाला. गावाकडे त्या वर्षी मेंढरांत देवी आली होती. मामाचा कळप जवळजवळ संपला होता, बयाबाईजवळ सात-आठ उरली होती. पाऊस नव्हता. आई आता डोंगराला वळसा घालून चालू शकत नाही, असं तो म्हणाला.

आता हॉटेलातला वाद बदलला. धुळा चांगला की नाही हा प्रश्न संपला होता; प्रश्न होता त्याच्या बदल्यात किती मागायचे. मैदानाला कुंपण घालायचं होतं, चेंडू फाटले होते. कुणी शंभर म्हणे, कुणी पाचशे.

"खोंडाला दोनशे पडत्यात," अर्जुना म्हणाला, "आन् खोंड हाफला खेळत न्हाई."

"खोंड शेत तरी नांगरतं," विष्णुपंत म्हणाले. "मी सांगतो, पन्नास दिले तरी घ्या आणि पत्र द्या. तिथे चार सामने खेळला की त्यांना कळेल डावा पाय नाही ते. मग तेही कुणी देणार नाही."

"मास्तर, गप बसा," भाऊसो म्हणाले. "माल इकायच्या आदी मालाला नाव ठेवायचं नसतंय. भाव माझ्यावर सोडा."

भाऊसो वाईट माणूस नव्हते, हे मला लिहायला पाहिजे. धुळाला त्यांनी उपाशी ठेवलं नाही. बाजारात त्यांचा शब्द चाले. तीस वर्षं त्यांनी हळदीचे सौदे केले होते, आणि आमच्या बाजारात सौदा तोंडाने होत नसे. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगत. बघणाऱ्याला काही कळत नसे. सौदा चालू असताना तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा तर रिवाजच. दुसरा एक रिवाज असा की अडत्या पहिला भाव घेतच नाही. तो हात काढतो, रुमाल झटकतो, उठतो आणि चालू लागतो. मग खरेदीदाराने त्याचा रुमाल धरून त्याला परत बसवायचं. पुन्हा बोटं, पुन्हा उठणं. तीनदा उठल्याशिवाय झालेल्या सौद्यात अडत्याला लाज वाटे. हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, म्हणून कुणी ते कुणाला सांगत नसे.

डिमेलो ठरल्याप्रमाणे आला. सकाळची वेळ होती. भाऊसोंच्या अडतीत गादीवर दोघे बसले. एक बोट म्हणजे पन्नास, एवढं भाऊसोंनी हिंदीत सांगितलं. डिमेलोला गंमत वाटली, त्याने कोटाची बाही वर केली. आम्ही सगळे पोत्यांवर बसलो होतो. धुळा दाराशी उभा होता, धुतलेला सदरा घालून. माझ्या खिशात सोडल्याचं पत्र लिहून तयार होतं, इंग्रजीत, विष्णुपंतांकडून तपासून घेतलेलं. खाली चिटणीस म्हणून माझी सही होती. तेवढीच लागत होती.

रुमाल दोनदा-तीनदा हलला. डिमेलोचं हसू गेलं, त्याने विचार केला, पुन्हा रुमाल हलला. मग भाऊसोंनी हात काढून घेतला, रुमाल झटकला आणि ते उठून दाराकडे चालू लागले.

डिमेलो बसून राहिला. त्याने भाऊसोंच्या पाठीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आम्ही सगळे खाली बघत होतो, कारण सौदा चालू होता. त्याने बाही खाली केली, घड्याळ पाहिलं आणि उठला. दाराशी धुळाच्या खांद्यावर हात ठेवून तो इंग्रजीत काहीतरी म्हणाला. भाऊसोंशी हात मिळवला. भाऊसोंनीही मिळवला; त्यांना वाटलं हे मुंबईचं पक्कं गिऱ्हाईक आहे, टांग्यापर्यंत ताणणार.

भाऊसोंनी मला बाजूला घेतलं. "अनंतराव, तुमी मिरजेपतूर जावा संगं. अर्जुना, घोडं हळू घे. आन् त्येनं इचारलं तर सांगा, कोल्हापूरवाले बी यून गेलेत. बाकी एक शब्द बोलू नगा. ह्यो परत फिरतोय बघा."

सांगली ते मिरज सहा मैल. अर्जुनाने घोडा इतका हळू घेतला की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. डिमेलो रस्त्याकडेची शेतं बघत होता. मी त्याच्या समोर बसलो होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. साहेब, आमच्याकडे उठून जाणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. एवढंच वाक्य. इंग्रजीत ते मला जमलं असतं. पण वाटलं, आपण मध्ये बोललो आणि सौदा बिघडला तर भाऊसोंना काय तोंड दाखवायचं. आणि ते म्हणतात तसा तो फिरेलही. तीस वर्षं बाजारात काढलेला माणूस तो, मी कोण?

स्टेशनात गाडी लागायला वेळ होता. अर्जुना बाहेर घोड्याला पाणी दाखवत होता. फलाटावर डिमेलोने मला विचारलं, "तो मुलगा चांगला आहे. त्याचं वाईट झालं तर मला बरं वाटणार नाही. त्याला दुसरीकडे कुठे जागा आहे का?"

मी म्हणालो, "कोल्हापूरचे लोकही येऊन गेले आहेत."

तो एकदम मोकळा झाला. "मग चांगलं झालं," तो म्हणाला. "कोल्हापूर त्याला जवळही पडेल. मी उगाच मनाला लावून घेत होतो." त्याने माझा हात हातात घेऊन दाबला आणि आभार मानले. गाडी आली. खिशातलं पत्र माझ्या हाताला लागत होतं. डबा समोरून सरकून जाईपर्यंत मी तिथे उभा होतो. तो खिडकीतून हात हलवत होता, मीही हलवला.

परत आलो तेव्हा भाऊसो अडतीच्या पायरीवर उभे होते. टांग्यात मी एकटाच आहे हे बघून म्हणाले, "मुंबईला जाऊन तार करंल. गिरनीला इचाराय पायजे त्येला." तार आली नाही. आठ दिवसांनी भाऊसोंनी मला पत्र लिहायला सांगितलं, डिमेलोने दिलेल्या भावाला कबूल आहोत म्हणून. रुमालाखालचे दोघांचे आकडे त्यांनी मला तेव्हाच सांगितले. उत्तर पंधरा दिवसांनी आलं, अगदी सभ्य. मुलाची कोल्हापूरला सोय झाली असं तुमच्या चिटणिसांकडून कळलं होतं, म्हणून आम्ही पुण्याचा एक हाफ घेतला, तरी मुलाला शुभेच्छा. विष्णुपंतांनी ते मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. चिटणीस या शब्दाशी ते थांबले नाहीत, आणि सगळ्यांना वाटलं मी भाऊसोंच्या सांगण्याप्रमाणेच बोललो. तसंच बोललो होतो.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. साताऱ्याहून आल्या आल्या धुळाने गावाकडे जाणाऱ्या एका धनगराबरोबर निरोप धाडला होता, मुंबईला नोकरी लागली. बाजारात तर सगळे तसंच म्हणत होते. बयाबाईने उरलेली मेंढरं विकली, घोंगडं आणि एक गाठोडं घेतलं आणि ती चालत सांगलीला आली. डिमेलो गेला त्यानंतरच्या सोमवारी. मी अडतीवर गेलो तर ती पोत्यांच्या सावलीत बसली होती, काटकुळी, डोळ्यांवर हात धरून. माझा कोट बघून तिला वाटलं मीच मुंबईचा.

"गाडी कवा हाय म्हनायची?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "धुळाला विचारा."

"त्येला न्हाई ठावं. तुमास्नी ठावं आसंल."

मी भाऊसोंकडे काम आहे असं सांगून आत गेलो आणि मागच्या दाराने बाहेर पडलो.

ती परत गेली नाही. कशाला जाणार, मेंढरं नव्हती. भाऊसोंनी तिला हळद निवडायच्या कामाला लावलं. दोघे हमालांच्या छपरीत राहू लागले. हळदीच्या धुरळ्याने तिला खोकला जडला. सुरुवातीला ती येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीचं विचारी, मग विचारायची थांबली.

भाऊसोंना वाईट वाटलं होतं, पण त्यांच्या तऱ्हेने. "दुसरी गिरनी यील," ते म्हणत. "माल खरा असला की गिऱ्हाईक येतंय. धुळा, तू खेळत ऱ्हा, दिसत ऱ्हा." म्हणून धुळा खेळत राहिला. एखादा कोटवाला माणूस बांधावर उभा दिसला की तो नेहमीपेक्षा जास्त पळे, चेंडू पायात जास्त वेळ ठेवी, डाव्या पायाने मारू बघे. त्याचा खेळ बिघडला, हे मलाही कळत होतं. हॉटेलात विष्णुपंत म्हणत, "मी काय सांगत होतो?" आणि अर्जुना पूर्वीसारखं उत्तर देत नसे. एकदाच म्हणाला, "मास्तर, तुमचं खरं झालं. आता तरी च्या गोड लागतोय का?"

सत्तेचाळीसच्या नोव्हेंबरात, मैदान दगडासारखं झालेलं असताना, धुळाचा डावा पाय भेगेत अडकला आणि गुडघा फिरला. हाडवैद्याने बांधला. बांधलेला सोडला तेव्हा पाय पूर्ण सरळ होत नव्हता. पोती वाहता येत होती, पळता येत नव्हतं. क्लबाने एका सभेत त्याच्या कामगिरीबद्दल आभाराचा ठराव केला. तो मीच लिहिला.

बयाबाई अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात गेली. खांदा द्यायला आम्ही क्लबातले चौघे होतो, भाऊसो आणि विष्णुपंतही.

त्यानंतर वर्षभर मी बाजाराच्या बाजूने जायचं टाळत होतो. मग एका दुपारी नगरपालिकेचं काम निघालं आणि जावं लागलं. धुळा अडतीच्या ओट्यावर एकटाच बसला होता. तेविशीचा असेल, चाळिशीचा वाटत होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि मिरजेच्या स्टेशनावर जे झालं ते सगळं सांगितलं. डिमेलोने काय विचारलं, मी काय म्हणालो, पत्र खिशात होतं, सगळं. तो शिव्या देईल, उठून जाईल, काहीतरी करेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तसं व्हावं असंच वाटलं होतं.

धुळा गुडघा चोळत राहिला.

"सायेब शेवटाला कितीवर आला हुता?" त्याने विचारलं.

"तीन बोटं. दीडशे."

"आन् भाऊसोंनी?"

"सहा."

हे त्याला इतक्या दिवसांत कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याची किंमत ठरत होती तो दाराशीच उभा होता, पण रुमालाखालचं त्याला कसं दिसणार.

"सा लय झाली," धुळा म्हणाला. "तीन बी लयच. इष्णुपंत मास्तर खरं सांगत हुते. डावा न्हवताच मला. मुंबईत चार दिसांत कळलं असतं आन् हाकललं असतं. आईला घिऊन परत यावं लागलं असतं."

"तसं नाही, धुळा," मी म्हणालो. "तू चांगला होतास."

"तुमाला खेळातलं कळत न्हाई, अनंतराव," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. माझी समजूत घालावी तसा तो बोलत होता.

आतून हाक आली. तो ओट्याला धरून उठला. कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट करून म्हणाला, "जरा हात लावता का?" मी पोतं त्याच्या पाठीवर चढवायला हात लावला. ते मी समजलो होतो त्यापेक्षा फार जड होतं. तो पाय ओढत आत गेला, आणि मी माझ्या कामाला गेलो.

पुढच्या हंगामात तो अडतीवर नव्हता. कुणी म्हणालं जतकडे गेला, कुणी म्हणालं फलटणकडे उसाच्या कामावर. मी चौकशी केली नाही.